हरिचंद्र कॉमेंट्रीवाला आणि सरकता कीबोर्ड

थंडी पडली की बदलापूर-अंबरनाथच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतावर रोलर फिरतो, मंडप पडतो, ट्रॉफ्या रांगेत मांडल्या जातात आणि मंडपातल्या माइकवर कुणीतरी बोलायला लागतं. कितीतरी वर्षं हा कुणीतरी म्हणजे बदलापूर गावचा हरिचंद्र भोईर होता.

आठवडाभर तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. तिथे त्याच्याकडे कुणी फारसं वळून बघत नसे. रविवारी माइक हातात आला की मात्र माणूस बदलायचा. बॉल कुंपणाबाहेर गेला की म्हणायचा, "गेला! उल्हास नदीला इचारून येतो, पानी कती हाय!" एखादा फलंदाज नुसताच हवेत बॅट फिरवत राहिला तर, "दादा, माश्या मागून मारा, आधी बॉल बघा!" मैदानाच्या पलीकडे मळ्यात भाजी खुडणाऱ्या बायका एकदाही मान वर न करता सामना कुठवर आला ते सांगायच्या. हरिचंद्रचा आवाज तिथपर्यंत जायचा.

मग एका मोसमात त्याचा घसा बसला. बोलून बोलून बसला असेल म्हणून त्याने मध-हळद चाटली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा माइक धरला. मोसम संपला तरी घसा सुटेना, तेव्हा त्याची बायको द्रौपदी त्याला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथून मुंबईचा मोठा दवाखाना, तपासण्या, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरने खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. तुम्ही जगाल, काका. आवाज मात्र राहणार नाही."

ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक झाले. गळ्याला समोर एक भोक राहिलं, त्यातूनच आता श्वास. हरिचंद्र त्यावर जाळीचा रुमाल बांधायला शिकला, अंघोळ करताना पाणी आत जाऊ नये म्हणून तळहात धरायला शिकला. दवाखान्यात आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी गळ्याला लावायचं एक थरथरणारं यंत्र दिलं. शेकाने गळ्याची कातडी इतकी निबर झाली होती की त्यातून डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज यायचा, शब्द काही उमटायचा नाही. हवा गिळून ती ढेकरासारखी वर आणत बोलायची विद्याही त्याने महिनोन्महिने घोटली. पाण्याला 'पा' म्हणता यायला लागलं, पण दोन-चार शब्दांतच दम लागायचा.

राहिला मोबाईल. मुलीने, म्हणजे मनालीने, त्यात एक सोय करून दिली. लिहिलेलं मराठी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. झालं, असं सगळ्यांना वाटलं. हरिचंद्रलाही वाटलं.

पण एका सकाळी कट्ट्यावर जे घडलं त्याने तो विचारात पडला. कैलास गायकर हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, गावच्या स्पर्धेचा आयोजक. तो कट्ट्यावर नव्या मैदानाबद्दल सांगत होता. हरिचंद्रला काहीतरी सुचलं. त्याने मोबाईल काढला, मान खाली घातली आणि एका बोटाने काचेवर अक्षरं टिपायला लागला. चूक झाली, खोडलं, परत टिपलं. वाक्य पुरं करून त्याने मान वर केली तेव्हा कैलास पाठ फिरवून दुसऱ्याशी बोलत होता, आणि विषय मैदानावरून कुणाच्या तरी हळदीच्या जेवणावर गेला होता. मोबाईल आपला बोलला, "पिच पूर्व-पश्चिम करू नका, संध्याकाळी उन्हं डोळ्यात जातील." सगळ्यांनी क्षणभर मोबाईलकडे पाहिलं. "हां हां, बरोबर," कैलास म्हणाला, आणि हळदीचं जेवण पुढे चालू झालं.

घरी आल्यावर द्रौपदी त्याच्यासमोर बसली. ती रागावली नव्हती, नवल केल्यासारखी बघत होती. "अवो, एक सांगू? तुमचा तोंडच दिसत नाय आता. काय इचारलं का निस्ता टक्कल दिसतं. माना खाली, डोले खाली. आवाज गेला तो गेला, तोंड कशाला नेलंत?"

त्याने उत्तर द्यायला मोबाईल उचलला, मान खाली घातली, आणि तसाच थांबला. ती खरं बोलत होती.

मनाली उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. कॅम्प तीनच्या बाजारातून जाता-येता तिला एक अरुंद दुकान दिसायचं. जुने कॅमेरे, जुने रेडिओ, तारांची भेंडोळी, आणि त्यांच्यामध्ये खेमचंद नावाचे एक म्हातारे सिंधी गृहस्थ. काचेच्या कपाटात तिने बटणांचे फोन पाहिले होते. वडिलांना ती सुट्टीच्या दिवशी तिथे घेऊन गेली.

खेमचंदनी हरिचंद्रच्या गळ्याच्या रुमालाकडे एकदा पाहिलं. त्यांनी खालच्या खणातून चष्म्याच्या घराएवढी एक जाडसर काळी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. वर पडदा, बाकी काही नाही. मग त्यांनी अंगठ्याने पडदा वर ढकलला. खट! पडदा वर सरकला आणि खालून बटणांच्या रांगा बाहेर आल्या, प्रत्येक बटण तुरीच्या दाण्याएवढं, मध्ये किंचित फुगीर.

"हा फोन नाय, साईं," खेमचंद म्हणाले. "हा छोटा कॉम्प्युटर. कधीकाळी मोठेमोठे साब लोक खिशात घेऊन फिरायचे. अभी कोई पूछता नहीं."

मग त्यांनी वस्तू उचलून काउंटरच्या खाली धरली आणि हरिचंद्रच्या डोळ्यांत बघून बोलायला लागले. कुठून आलात, चहा घेणार का, उकाडा किती आहे. बोलता बोलता खालून बारीक टकटक ऐकू येत होती. थोड्या वेळाने त्यांनी पडदा हरिचंद्रपुढे केला. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'शर्ट का बटन गलत लगाया है.'

हरिचंद्रने खाली पाहिलं. खरंच, एक बटण चुकून सगळा शर्ट तिरका झाला होता. मनाली खळखळून हसली. हरिचंद्रच्या गळ्यातून नुसती हवा फसफसली, पण हसला तोही.

"माझं कपड्याचं दुकान होतं तेव्हा," खेमचंद म्हणाले, "गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, मी त्याच्याकडे बघून हसायचो, आणि खालून गोदामात मेसेज जायचा, निळा माल पाठव, हिरवा मत भेज. गिऱ्हाईकाला पत्ताच नाय. काच बघावी लागते साईं, बटण बोटाला समजतं."

हरिचंद्रने हात पुढे केला. खेमचंदनी मात्र वस्तू लगेच दिली नाही.

"आधी उलटी बाजू ऐका. बॅटरी जुनी आहे, दुपारपर्यंत चालली तर नशीब. आणि आत एक पट्टी असते, वरचा पडदा आणि खालचा कीबोर्ड जोडणारी. उघडून-मिटून ती एक दिवस तुटणार. तेव्हा दुसरी शोधायला लागेल, मिळेल का ते माहीत नाय. मोबाईलचं सगळं काम ह्याच्यावर होणार नाय. मी विकणारा आहे तरी सांगतो, लगेच विकत घेऊ नका. तशीच घेऊन जा, वापरा, मग बोला."

अशी ती वस्तू बदलापूरला आली.

मनालीने दोन संध्याकाळी खटपट करून तिच्यात मराठी बसवलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटायचं. स्टोअरमध्ये डब्यांवरची इंग्रजी लेबलं वाचून हरिचंद्रची अक्षरओळख पक्की होतीच. बोलायचा आवाज मात्र बाईचाच मिळाला, एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईसारखा, गोड आणि निर्विकार. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा द्रौपदी स्वयंपाकघरातून धावत आली. "कोन आलीय?" हरिचंद्रने तिच्याकडे बघत बटणं दाबली. बाई म्हणाली, "मी तुझा नवरा आहे. चहा टाक." द्रौपदी दाराला टेकून हसत राहिली.

पण मजा एवढीच नव्हती. हरिचंद्रला त्या वस्तूबद्दल कुतूहल वाटायला लागलं, जसं एखाद्या नव्या बॉलरबद्दल त्याला वाटायचं. हिला काय जमतं, काय जमत नाही? तो गच्चीवर जाऊन बसायचा आणि रस्त्यावर जे दिसेल ते बटणांकडे न बघता लिहायचा. रिक्षा चालली. कोंबडी मधे आली. रिक्षा थांबली. आधी सगळं चुकायचं. 'कोंबडी'ची 'कोमडी' व्हायची, एकदा 'कमिटी' झाली. हळूहळू अंगठ्यांना वाटा सापडल्या. मधल्या दोन बटणांवर त्याने द्रौपदीच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला. तो वाळला की बोटाला खडा लागायचा आणि तिथून बाकीची घरं मोजता यायची.

एक गोष्ट मात्र त्याला आपोआप कळली. एका सकाळी कट्ट्यावर सगळे एकदम बोलत होते. त्याने खिशातून वस्तू काढून उघडली. खट! आणि दोघे-तिघे त्याच्याकडे बघायला लागले. तो चकित झाला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज असताना माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, खाकरतो, तोंड उघडतो, आणि समोरच्याला कळतं की हा आता काही सांगणार. काचेचा मोबाईल हातात घेतलेला माणूस बोलणार आहे की क्रिकेटचा स्कोअर बघतोय, हे कुणाला कळणार? त्या खट आवाजाने त्याचं खाकरणं त्याला परत मिळालं होतं. शिवाय लिहिताना त्याची नजर समोरच्यावर असायची. कंटाळलेला कैलास घड्याळाकडे बघायला लागला की हरिचंद्र वाक्य अर्ध्यावर तोडायचा आणि छोटं करायचा. हे पूर्वी त्याच्या हातातच नव्हतं.

तोटेही रोज नवे सापडत होते. दुपारच्या उन्हात पडदा दिसतच नसे. मासळीवालीपुढे गर्दी असली की यंत्राचा आवाज बुडून जायचा, आणि तिथे बोट दाखवणंच बरं पडायचं. फोन आला तर हिचा काही उपयोग नव्हता. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे विनोद. विनोद सुचायचा तेव्हा ताजा असायचा आणि लिहून होईपर्यंत शिळा. एकदा तर सगळे हसून गप्प झाल्यावर, कुणीतरी वारल्याची बातमी सांगितली जात असताना, यंत्रातली बाई त्याचा विनोद घेऊन बोलली. हरिचंद्रने दोन्ही हातांनी ती वस्तू मिटली, जणू तिच्या तोंडावरच हात ठेवला.

तरीसुद्धा स्पर्धेचे दिवस आले तेव्हा कैलास स्वतः घरी आला. "हऱ्या, तुझ्या बाईला माइकला जोडू. लोक विचारतात रे तुझ्याबद्दल. यंदा तू बसायचंस."

द्रौपदीने नको म्हणून मान हलवली, पण हरिचंद्रचे डोळे लकाकले होते.

पहिल्याच सामन्याला तार जोडली गेली. कैलासने माइकवरून सांगितलं, आपला हरिचंद्र परत आलाय, आणि मैदानभर टाळ्या झाल्या. पहिला बॉल. फलंदाजाने उचलून मारला, बॉल बाभळीच्या पलीकडे गेला. हरिचंद्रचे अंगठे धावले. तोवर बॉलर परत फिरून धावत आला, दुसरा बॉल पडला, दांडी उडाली, फलंदाज मान खाली घालून चालायला लागला. नेमक्या त्याच वेळी भोंग्यातून गोड आवाज आला, "सणसणीत षटकार! वा! असेच खेळत राहा."

मैदान खो खो हसलं. बाद झालेला पोरगा मंडपाकडे बघून चिडून काहीतरी बोलला. हरिचंद्रने पुढची दोन षटकं प्रयत्न केला. वाक्यं लहान केली, नुसते शब्द लिहिले. चौका. गेला. आऊट. प्रत्येक शब्द एक बॉल मागे पडत होता. तिसऱ्या षटकाला त्याने स्वतःच तार काढली आणि शेजारी बसलेल्या सुजितकडे माइक सरकवला. सुजित हा अंबरनाथचा तिशीतला कॉमेंटेटर. हरिचंद्र आजारी पडल्यापासून सगळीकडे तोच बोलायचा. "टेन्शन नको घेऊ काका," तो म्हणाला आणि सफाईने सुरू झाला, अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

हरिचंद्र घरी आला तो जेवला नाही. द्रौपदीला वाटलं आता ही वस्तू परत उल्हासनगरला जाणार. पण दुसऱ्या दिवशी तो मनालीपुढे बसला आणि यंत्राने विचारलं, "माझी जुनी कॉमेंट्री कुणाकडे आहे का?"

मनालीने शोधाशोध केली. गावातल्या एकाने कधीतरी भरवलेल्या स्पर्धेचा पुरा अंतिम सामना व्हिडिओत होता. आवाज गेल्यापासून हरिचंद्रने स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. द्रौपदी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. तो मात्र रडला नाही. तो कान देऊन ऐकत होता, थांबवत होता, मागे नेत होता, परत ऐकत होता. मनाली चहा घेऊन आली तेव्हा तो विचित्र आनंदाने तिच्याकडे बघत होता.

"काय झालं पप्पा?"

यंत्र बोललं, "मी षटकार झाल्यावर फार बोलतच नव्हतो. नुसता ओरडत होतो."

"मग?"

"बोलतोय ते बॉल पडायच्या आधी. मधल्या वेळात. कोण कुणाचा भाऊ. कोणाला मागच्या वर्षी कोणी काढलाय. फिल्डर कुठे सरकला. बॉलर हात पुसतोय म्हणजे हळू टाकणार. सगळं आधीचं."

मनालीला लगेच काही कळलं नाही. त्याला मात्र सगळं लख्ख दिसत होतं. झालेलं सांगायला हे यंत्र कुचकामी होतं. होणारं सांगायला वेळ पुरेल इतकी मोकळी जागा प्रत्येक बॉलच्या आधी होती. फक्त त्यासाठी नजर मैदानावरून हलता कामा नये. आणि अंगठे तर आता आपले आपण चालत होते.

पुढच्या रविवारी तो मंडपात सुजितशेजारी जाऊन बसला. तार जोडली नाही. वस्तू उघडली आणि पडदा सुजितकडे तिरका करून टेबलाच्या कडेवर धरली.

सुजितने वाचलं, मग हात आखडून म्हणाला, "म्हणजे तुम्ही लिहिणार, मी वाचणार? सॉरी काका. मी तुमचा भोंगा नाही बनणार. लोक म्हणतील ह्याला स्वतःचं काही सुचत नाही."

हरिचंद्र त्याच्या तोंडाकडे बघत होता. पोरगा घाबरलाय, हे त्याला दिसलं. अंगठे चालले. 'वाचू नको. बघ. आवडलं तर तुझ्या भाषेत बोल. नाही आवडलं तर सोड. मला राग येणार नाही.' थोडं थांबून त्याने आणखी लिहिलं. 'थोडा येईल.'

सुजित हसला. "ठीक आहे. एक मॅच."

पहिली काही षटकं सुजितने पडद्याकडे पाहिलंच नाही. मग सामना रेंगाळला, त्यालाही काही सुचेना, आणि त्याची नजर खाली गेली. पडद्यावर होतं, 'डावीकडचा फिल्डर हळूच मागे गेलाय. बॉलरने खूण केली. आखूड पडणार, हा ओढणार.' सुजितने माइक तोंडाजवळ घेतला. "पब्लिक, जरा डावीकडे बघा. तो लाल टोपीवाला गुपचूप मागे चाललाय. काय खिचडी शिजतेय भाई? मला तर वाटतं शॉर्ट बॉल येणार!" बॉल आखूडच पडला. फलंदाजाने ओढून मारला आणि तो थेट लाल टोपीच्या हातात. मैदान उठून उभं राहिलं. सुजित किंचाळत होता. किंचाळताना त्याने हरिचंद्रचा खांदा इतक्या जोरात दाबला की हातातली वस्तू पडता पडता वाचली.

सगळंच असं जुळलं नाही. हरिचंद्रचा अंदाज चुकायचा तेव्हा सुजित माइकवरच "आमच्या काकांचा नेम चुकला" म्हणून मोकळा व्हायचा. कधी कधी हरिचंद्रने झकास वाक्य लिहावं आणि सुजितने ते सरळ सोडून द्यावं. तेव्हा त्याला खरंच राग यायचा. एकदा त्याचं नदीचं जुनं वाक्य सुजितने उचललं आणि "नदीत लाइफगार्ड पाठवा" असं काहीतरी करून टाकलं. पोरं त्यावर पोटभर हसली. हरिचंद्र मनातल्या मनात ते वाक्य उलटंपालटं करत राहिला. आपल्या तोंडून ते असं निघालंच नसतं. वाईट मात्र नव्हतं. मोसम संपेस्तोवर आयोजक दोघांना एकत्रच बोलवायला लागले.

पावसाळ्यानंतर खेमचंद म्हणाले होते तेच झालं. एके दिवशी पडदा सरकवला आणि तो काळाच राहिला. हरिचंद्र आठवडाभर काचेच्या मोबाईलवर परत आला, आणि द्रौपदी पुन्हा त्याच्या टकलाशी बोलायला लागली. खेमचंदनी दुसऱ्या एका मेलेल्या वस्तूतून पट्टी काढून बसवून दिली. "किती दिवस टिकेल माहीत नाय," ते म्हणाले. ते हरिचंद्रलाही माहीत नव्हतं. तो आता दोन्ही खिशांत दोन वस्तू बाळगायचा. पैसे देणं, फोटो, बातम्या यांच्यासाठी काच. माणसांशी बोलायला बटणं.

त्या सुमारास दवाखान्यातल्या बाईंचा निरोप आला. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एका सभागृहात त्यांनी आवाज गेलेल्या माणसांची बैठक ठेवली होती. तुमच्या त्या यंत्राबद्दल सांगाल का, उपयोगी आहे का? इतर लोक विचारतात.

बैठकीला गळ्याला रुमाल बांधलेली बरीच माणसं होती, सोबत त्यांच्या घरची. हरिचंद्रने आदल्या दिवशी सगळं लिहून आणलं होतं, पण ऐनवेळी ते बाजूला ठेवून त्याने त्यांच्याकडे बघत लिहायला सुरुवात केली. यंत्र अडखळत बोलत होतं आणि सगळे वाट बघत होते. तिथे वाट बघायचं कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

"हे बोलणं नाही," यंत्र म्हणालं. "कुणी सांगितलं की आवाज परत मिळेल, तर खरं मानू नका. भांडताना उपयोग नाही. समोरचा भांडून निघून जातो. विनोदाला उपयोग नाही. जुनं आहे, बिघडतं. लिहिता येत नसेल तर मला माहीत नाही. पण मी लिहितो तेव्हा तुम्ही मला दिसता. हा एवढाच फायदा. मला तो पुरतो."

मग त्याने एक गंमत दाखवली. मनालीने अलीकडेच एकेका बटणावर एकेक पुरं वाक्य बसवायची युक्ती शोधली होती. त्याने एक बटण जरा दाबून धरलं. "मला ऐकू येतं. कृपया ओरडू नका." खोलीतल्या सगळ्या मानांनी एकदम होकार दिला. मुक्या माणसाशी लोक ओरडूनच बोलतात, हा अनुभव प्रत्येकाच्या पदरी होता.

पहिल्या रांगेत भागीरथीबाई म्हणून एक बसल्या होत्या. त्या मंदिराच्या वाटेवर बेल आणि फुलं विकायच्या. त्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि हरिचंद्रने वस्तू त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती मिटली, उघडली, परत मिटली, कानाशी नेऊन खट ऐकलं. बटणांवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"आईला अक्षरं येत नाहीत," त्यांच्या शेजारी बसलेली सून, किर्ती, म्हणाली. "आणि फुलं विकायला त्यांना बोलावं लागतच नाही. त्या बोटं दाखवतात, गिऱ्हाईकाला समजतं."

हरिचंद्र विचारात पडला. म्हणजे या बाईंना ह्याचा काहीच उपयोग नाही? त्याने वस्तू परत घेतली, पण भागीरथीबाईंचा हात पुढेच राहिला होता. त्यांनी मघाच्या त्या बोलत्या बटणाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग एक बोट वर धरलं. एक. मला एक हवं.

"काय हवं त्यांना?" दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं.

भागीरथीबाईंनी सुनेकडे पाहिलं. कमरेच्या जरा वर हात धरून एवढंसं मूल दाखवलं, दोन बोटांनी पळणारे पाय दाखवले, मग हाताने रस्ता आणि धडाडत येणारी गाडी दाखवली. शेवटी पुढे झेपावून त्यांनी तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर आलं नाही.

किर्तीचा चेहरा बदलला. "माझा लहाना. दिवसभर त्यांच्याजवळ दुकानावर असतो. रस्त्यावर पळतो सारखा. त्यांना हाक मारता येत नाही."

हरिचंद्रने वस्तू उघडली. त्याला जरा वेळ लागला. कडेचं, बोटाला लगेच सापडेल असं एक बटण त्याने निवडलं, त्यावर एक शब्द बसवला, आवाज होता तेवढा वाढवला आणि भागीरथीबाईंच्या अंगठ्याखाली ते बटण आणून ठेवलं.

त्यांनी दाबलं.

"थांब!"

सभागृहात सगळे जागच्या जागी थबकले. दारातून चहाचा ट्रे घेऊन आत येणारा माणूस एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. भागीरथीबाई त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते बघून शेजारच्याचे हलले, मग मागच्या रांगेतल्यांचे. गळ्यागळ्यातून नुसती हवा फसफसत होती, रुमाल फडफडत होते, कुणी मांडीवर थाप मारत होतं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि एवढ्या हसण्याचा आवाज म्हणून काही नव्हता. चहावाला गोंधळून सगळ्यांकडे बघत होता.

हसणं ओसरल्यावर हरिचंद्रने वस्तू मागायला हात पुढे केला. भागीरथीबाईंनी ती दिली नाही. त्यांनी 'थांब'च्या शेजारच्या बटणावर बोट ठेवलं आणि वर त्याच्याकडे पाहिलं. आता ह्याच्यावर काय बसवायचं, ते विचारत होत्या.